सप्टेंबरातलं सान हुआन : परतीचं तिकीट सैल ठेवून

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रजेची वही वर्षाच्या सुरुवातीलाच फिरते. जुलै-ऑगस्ट शाळकरी मुलांचे आईबाप घेतात, डिसेंबर जुन्या लोकांकडे जातो. माझ्या वाट्याला सप्टेंबर येतो. न्यू जर्सीत गणपतीचं विसर्जन झालं की मी मोकळी. असा सप्टेंबरचा आठवडा मी दोनदा पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनमध्ये काढला. 2022 मध्ये आई बरोबर होती, 2024 मध्ये एकटीच गेले. "सप्टेंबरात कॅरिबियनला? तेव्हा वादळं असतात ना?" असं ओळखीतल्या प्रत्येकाने विचारलं. असतात. पहिल्या खेपेला तर एक वादळ आमच्या मागोमागच आलं. तरी मी पुन्हा गेले, आणि तुम्हीही जावं असं मला मनापासून वाटतं. फक्त जायची रीत वेगळी आहे, ती इथे सांगते.

आधी त्या महिन्याची हवा कशी असते ते. दुपारी पारा 31 अंशांपर्यंत चढतो, रात्री 25-26 च्या खाली फारसा उतरत नाही. एरवी वाहणारा पूर्वेचा वारा या दिवसांत मंदावतो, त्यामुळे आपल्याकडच्या ऑक्टोबरसारखं अंग चिकचिकतं. पावसाला मात्र घाबरू नका. सान हुआनमध्ये सप्टेंबरभरात सरासरी दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत आठशेच्या वर पडतो. वादळ नसेल तर तिथला पाऊस म्हणजे श्रावणातलं शिरवं. दुपारी मळभ येतं, अर्धा तास सडकून कोसळतं आणि लगेच ऊन. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं, एवढ्याला हे पावसाळा म्हणतात?"

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी असते. ती सरली की मुलं शाळेत, मोठी माणसं कामावर, आणि बंदरात हिवाळ्याच्या मानाने क्रूझ जहाजं फारच कमी. जुन्या शहराच्या गल्ल्यांत तिथल्याच लोकांचा वावर दिसतो. विमानाचं तिकीट मला डिसेंबरच्या निम्म्या भावात मिळालं. एक अडचण आहे : काही खानावळींचे मालकही हाच महिना सुट्टीसाठी धरतात, म्हणून एखाद्या ठरावीक जागी जेवायचंच असेल तर आधी फोन करा.

वादळाचा हिशेब

तिथला वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि त्याचा भर 10 सप्टेंबरच्या आगेमागे. तोवर समुद्र तापून तापून पुरता गरम झालेला असतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेले कमी दाबाचे पट्टे त्या कोमट पाण्यावरून पश्चिमेकडे सरकताना जोर धरतात. पोर्तो रिकोच्या माणसाला विचारा, तारखा तोंडपाठ असतात : ह्यूगो 18 सप्टेंबर 1989, जॉर्जेस 21 सप्टेंबर 1998, मारिया 20 सप्टेंबर 2017, फियोना 18 सप्टेंबर 2022. पूर्वी तिथे ज्या संताच्या दिवशी वादळ येई त्याचंच नाव त्याला देत. 13 सप्टेंबर 1876 ला सान फेलिपे आलं आणि बावन्न वर्षांनी, 1928 मध्ये, नेमक्या त्याच तारखेला दुसरं. म्हणून ते 'सान फेलिपे सेगुंदो', म्हणजे दुसरं सान फेलिपे. 'हुराकान' हा शब्दसुद्धा या बेटांवरच्या मूळच्या तायनो लोकांचा.

ही यादी वाचून धडकी भरते. पण ती चार वादळं तेहेतीस वर्षांतली आहेत. दुसरं म्हणजे ही वादळं रातोरात उगवत नाहीत. महासागर ओलांडून यायला त्यांना बरेच दिवस लागतात आणि तोवर त्यांच्यावर सतत नजर असते. प्रवाशाला त्यांतले तीन-चार दिवस पुरतात, मात्र निघण्याची मोकळीक त्याने आधीच राखून ठेवलेली असली पाहिजे.

म्हणून तिकीट काढताना सगळ्यात स्वस्त, तारीख न बदलता येणारं तिकीट घेऊ नका. चाळीस-पन्नास डॉलर जास्त गेले तरी चालतील, तारीख बदलता आली पाहिजे. वादळ येणार असं दिसलं की बऱ्याच विमान कंपन्या बदलाचे पैसे घेत नाहीत हे खरं, पण ती सवलत जाहीर होईपर्यंत आधीच्या विमानांतल्या जागा संपलेल्या असतात. राहण्याची जागाही आयत्या वेळी रद्द करता येईल अशीच घ्या. प्रवासाचा विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान धरत नाहीत. आणि रजा संपायच्या आदल्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. मी तर लॅबमधल्या सहकारणीला आधीच सांगून ठेवते की मी दोन दिवस लवकरही येईन किंवा दोन दिवस उशिराही.

आता आकाश वाचायचं कसं ते. बातम्यांच्या चॅनेलांच्या नादी लागू नका, तिथे प्रत्येक ढगाची ब्रेकिंग न्यूज होते. मायामीत अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर आहे, त्याची वेबसाइट बघा. तिथे अटलांटिकचा नकाशा असतो आणि पुढच्या सात दिवसांत कुठे वादळ तयार होऊ शकतं ते रंगांनी दाखवतात. पिवळा म्हणजे शक्यता 40 टक्क्यांच्या खाली, नारिंगी म्हणजे 40 ते 60, लाल म्हणजे त्याहून जास्त. हा नकाशा रोज चारदा बदलतो : पहाटे 2, सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8. सप्टेंबरात सान हुआन आणि न्यू जर्सीचं घड्याळ एकच असतं, त्यामुळे वेळांचा घोळ होत नाही. मी सकाळी 8 चा नकाशा चहाबरोबर बघते आणि दिवसभर पुन्हा उघडत नाही. आफ्रिकेजवळ पिवळा दिसला तर काहीच करायचं नाही. नारिंगी दिसला आणि तो पश्चिमेला सरकतोय असं वाटलं तर परतीच्या विमानांत कुठे जागा आहेत ते बघून ठेवायचं.

वादळ तयार झालं की नकाशावर पांढरा शंकू येतो. त्याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. तो शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचं केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं, त्याची ती हद्द. शंकूच्या बाहेर असलेल्या गावातही घरं वाहून जातील इतका पाऊस पडू शकतो. 'वॉच' म्हणजे साधारण 48 तास आधीची सूचना आणि 'वॉर्निंग' म्हणजे 36 तास आधीची. हे तास सोसाट्याचा वारा सुरू होण्याआधीचे असतात. प्रवाशाने वॉर्निंगची वाट बघू नये. तोवर विमानतळावर रेटारेटी सुरू झालेली असते.

2022 चा तो आठवडा

आम्ही 11 सप्टेंबरला गेलो, परतीचं तिकीट 19 चं होतं. आठवड्याच्या सुरुवातीला नकाशावर दूर पूर्वेला रंग होता, पण आकाश लख्ख आणि आई खुशीत. बुधवारी, 14 तारखेला, त्या रंगाला नाव मिळालं : फियोना. तेव्हा ते वादळ म्हणावं असंही नव्हतं, विस्कळीत आणि कमजोर. पुष्कळ पाहुणे म्हणत होते, काही होणार नाही, थोडा पाऊस पडेल.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आई तिथेच होती. छपराची कौलं उडाली, सुपारीची बाग आडवी झाली, आणि लाईट यायला महिना उलटला. मी न्यू जर्सीत फोन हातात घेऊन बसले होते आणि तीन दिवस तिचा फोन लागत नव्हता. त्या गुरुवारी सकाळी मी तिला नकाशा दाखवला. तिने शंकूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खिडकीतून खालच्या अंगणाकडे बघत होती. आमच्या घरमालकीणबाई, सत्तरीच्या, आम्ही त्यांना डोन्या म्हणायचो, खाली पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत काठी घालून पाणी किती आहे ते मोजत होत्या. मग त्या जनरेटरपाशी गेल्या, डिझेलचा कॅन हलवून पाहिला आणि कुंड्या एकेक करून भिंतीकडेला ओढायला लागल्या.

आई म्हणाली, "आपण उद्याच निघू या. वादळाच्या आधी घरात पाहुणे नसलेले बरे. त्यांनी स्वतःचं घर बघायचं की आपल्याला बघायचं?"

मला तोवर आमच्याच जिवाचा विचार सुचला होता. हा नव्हता सुचला. खाली उतरून दोघींनी डोन्यांच्या कुंड्या आत घेतल्या, त्यांच्या पातेल्यांत आणि बादल्यांत पाणी भरून ठेवलं, आणि त्याच दुपारी मी तिकीट बदललं. शुक्रवारी 16 ला आम्ही घरी पोचलो. रविवारी 18 ला फियोना बेटाच्या नैऋत्य टोकाला धडकलं. ते जमिनीवर यायच्या आधीच अख्ख्या बेटाची वीज गेली होती. दक्षिणेकडे आणि डोंगरात पुराने फार हाल झाले, त्या मानाने जुनं सान हुआन बचावलं. डोन्यांचा निरोप चौथ्या दिवशी आला : मी बरी आहे, पाणी आहे, लाईट नाही.

तीन दिवसांचं भाडं मी परत मागितलं नाही. तुम्हीही मागू नका. तो पैसा त्या आठवड्यात त्यांच्या डिझेलच्या कामी येतो.

राहायला कुठे

फोटोत समुद्र दिसतो का ते नंतर बघा. घरमालकाला आधी दोन प्रश्न विचारा : "तिएने प्लान्ता?" आणि "तिएने सिस्तेर्ना?" प्लान्ता म्हणजे जनरेटर, सिस्तेर्ना म्हणजे पाण्याची टाकी. वादळ नसतानाही तिथे वीज जाते, आणि काही ठिकाणी वीज गेली की पाण्याचा पंपही थांबतो. लोक म्हणतात, "से फुए ला लूस." शब्दशः आपलं 'लाईट गेली'. आईला स्पॅनिशमधलं पहिलं वाक्य आलं ते हे.

तिसरा प्रश्न उंचीचा. ओशन पार्क आणि सांतुर्सेचा सखल भाग छान आहे, खायची-प्यायची चंगळ आहे, पण जोराच्या पावसात तिथल्या रस्त्यांवर पाणी साचतं. सप्टेंबरात मी जुन्या शहरातच राहते. ते उंचावर आहे, जाड भिंतींची घरं आहेत, उंच छतं आहेत. लिफ्ट बहुतेक नसते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्या मजल्याच्या वर जाऊ नये. गाडी एखाद्या दिवसापुरती भाड्याने घ्यावी.

दिवस कसा लावायचा

पहाट आपली, दुपार झोपेची, संध्याकाळ पुन्हा आपली. सहाच्या सुमारास उजाडतं. तेव्हा बाहेर पडून लाल रंगाच्या जुन्या वेशीतून, पुएर्ता दे सान हुआनमधून खाली उतरा आणि तटाच्या पायथ्याच्या वाटेने चालत एल मोरो किल्ल्याखाली जा. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे डोक्यावर तट, आणि वाटेवर मांजरंच मांजरं. नऊपर्यंत परत या, कारण नंतर त्या दगडांतून वाफा येतात.

किल्ले दोन : समुद्राच्या तोंडावरचा एल मोरो आणि जमिनीच्या बाजूचा सान क्रिस्तोबाल. दहा डॉलरच्या एकाच तिकिटावर दोन्ही होतात, ते चोवीस तास चालतं. दारं साडेनऊला उघडतात, तेव्हाच आत शिरा. एल मोरोचं काम 1539 ला सुरू झालं. सहा मजल्यांची ती उतरंड समुद्रापासून सुमारे 43 मीटर चढत जाते. चालून आलेल्या इंग्रज दर्यावर्दी ड्रेकला 1595 मध्ये इथून हात हलवत परतावं लागलं. तीन वर्षांनी कंबरलंडच्या अर्लने, म्हणजे दुसऱ्या एका इंग्रज सरदाराने, मात्र जमिनीच्या बाजूने येऊन शहर जिंकलं. भर उन्हाळ्या-पावसाळ्यात ते त्याच्या ताब्यात होतं, आणि हगवणीने त्याची माणसं इतकी मेली की काही आठवड्यांत त्याला सोडून जावं लागलं. सप्टेंबरच्या दमट दुपारी तिथे उभं राहिलं की हे सांगावं लागत नाही.

आईला आवडला तो सान क्रिस्तोबाल. अंगणाच्या पोटात पाच मोठाली टाकी आहेत, गच्च्यांवरचं पावसाचं पाणी त्यांत उतरायचं. आपल्या किल्ल्यांवर गेलं की पाणी कुठे साठवलंय ते आधी बघायची सवय असते, इथेही तीच नजर ठेवा. एक चांगली सर आली असेल तर त्या दिवशी हा किल्ला नक्की बघा, अंगणाचा उतार कुठल्या बाजूला आहे ते वाहत्या पाण्यावरून कळतं.

गल्ल्यांतल्या फरशीबद्दल थोडं सांगायलाच हवं. तिला आदोकीन म्हणतात. लोखंड गाळताना उरणाऱ्या मळीच्या या विटा, युरोपातून आलेल्या. कोरड्या असताना त्या राखाडी, मळकट दिसतात. पाऊस पडून गेल्यावर दहा मिनिटं थांबा. ऊन तिरकं आलं की त्याच विटा जांभळ्या, निळ्या होतात, मधल्या फटींत पाणी चमकतं, आणि वरच्या पिवळ्या-गुलाबी घरांचे रंग त्यांत हलतात. सुक्या हिवाळ्यात येणाऱ्यांना हे रोज दिसत नाही. पण त्या ओल्या विटा शेवाळलेल्या पायरीसारख्या घसरतात. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालू नका, आणि उतारावर कडेच्या फुटपाथवरून चाला.

रात्री झाडांच्या बाजूने कोकी ऐका. इंचभराचा बेडूक, आणि आवाज शिट्टीसारखा : को-की, को-की. नर ओरडतो. 'को' इतर नरांना दटावण्यासाठी आणि 'की' मादीला बोलावण्यासाठी असं अभ्यासक सांगतात. पावसानंतर तो आवाज इतका भरून येतो की खिडकी लावली तरी येतच राहतो. आईला त्या आवाजात झोप छान लागली. मला दोन रात्री लागल्या.

शाकाहारी माणसाने काय खावं

इथे जरा सावध राहावं लागतं, कारण डुकराचं मांस दिसत नाही अशा पदार्थांतही असतं. भाताबरोबरचे शेंगदाण्याएवढे दाणे म्हणजे गांदुलेस. ते आपल्या तुरीचेच दाणे. ओळखीचं वाटून हात पुढे जातो, पण फोडणीत बहुतेक वेळा हॅम असतं. राजम्यासारख्या आबिचुएलासचंही तसंच. "तिएने हामोन?" म्हणून विचारा. मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लाकडी उखळीत लसणाबरोबर कुटून केलेला मुटका. तो "सिन चिचार्रोन" मागा, म्हणजे डुकराची तळलेली कातडी न घालता. तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळ्यांचे दोनदा तळलेले चपटे काप, पिकल्या केळ्यांचे गोडसर आमारियोस, पिठीसाखर भुरभुरलेला मायोर्का पाव आणि दुधाची कडक कॉफी बिनधास्त घ्या. मासे खाणाऱ्यांना अडचण नाही. शहराच्या पूर्वेला पिन्योनेसच्या टपऱ्यांवर बाकालाइतो मिळतो, खारवलेल्या कॉड माशाची पातळ कुरकुरीत भजी.

पण खरी मजा सांतुर्सेच्या मंडईत, सकाळी. रात्री त्या चौकात नाचगाणी असतात, सकाळी भाजीवाले. एका ढिगावर पाटी होती 'बाताता', आणि खाली रताळी! आपण पोर्तुगीजांकडून घेतलेला तोच शब्द बटाट्याला लावला, इथे तो रताळ्याकडेच राहिला. शेजारी मालांगा, म्हणजे अळकुड्या. कच्च्या केळ्यांचे घड. केनेपाची फळं देठासकट जुड्यांत बांधलेली. हिरवी साल दाताने फोडायची आणि आतला गर लिचीसारखा चोखायचा. आणि नीरफणस. आईने तो उचलून नाकाशी धरला आणि खाली ठेवायला तयार होईना.

त्या संध्याकाळी डोन्यांच्या स्वयंपाकघरात दोन कढया चढल्या. इथे नीरफणसाला पाना म्हणतात. डोन्यांनी त्याचे जाड तुकडे तळले, अर्धवट झाल्यावर काढले, दोन लाकडी फळ्यांच्या बिजागरीच्या चिमट्यात दाबून चपटे केले, मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा तेलात सोडले. आईने पातळ कापं केली, हळद-तिखट-मीठ चोळलं आणि तांदळाच्या पिठाऐवजी मिळालेल्या मक्याच्या पिठात घोळवून तव्यावर परतली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. डोन्यांनी एक काप खाल्लं, पाणी प्यायल्या, आणि दुसरं घेतलं. ऑगस्ट-सप्टेंबरात हा फणस मंडईत भरपूर असतो. कोकणातल्या माणसाने पिशवीत लाल तिखटाची पुडी ठेवावी.

दुपारच्या उन्हात पिराग्वाची गाडी दिसली की थांबा. हा आपला बर्फाचा गोळा, पण काडी नसलेला. गाडीवर रंगीत छत्री, फडक्याखाली झाकलेली बर्फाची लादी, सरबताच्या बाटल्या. माणूस लोखंडी रंध्यासारख्या हत्याराने बर्फ खरवडतो, त्याचा टोकदार डोंगर करून कागदी कोनात बसवतो आणि वरून चिंचेचं नाहीतर नारळाचं सरबत ओततो. चिंचेचा घ्या.

रानात आणि समुद्रात

एल युंके हे वर्षावन शहरापासून तासाभरावर आहे. शिखरांवर वर्षाला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, म्हणजे आंबोलीच्या घाटाची आठवण येईल इतका. सकाळी लवकर जा, दुपारी दोनच्या आत खाली या. ओढ्यात उतरला असाल आणि पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की सामान तिथेच टाकून काठ गाठा. वर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली कोरड्या उन्हातही येतो. त्याला तिथे 'गोल्पे दे आग्वा' म्हणतात, पाण्याचा तडाखा. माणसं यात जातात.

समुद्राचंही तेच. सप्टेंबरात पाणी उबदार असतं आणि उत्तर किनारा हिवाळ्यापेक्षा शांत. पण शेकडो मैलांवरून जाणारं वादळही इथे उधाण आणतं, आणि त्या दिवशी आकाश निळंशार असू शकतं. पोहायला एस्काम्ब्रोनचा किनारा बरा, पुढच्या खडकांनी लाटा अडतात. कोंदादोच्या उघड्या किनाऱ्यावर स्थानिक माणसं पाण्यात नसतील तर तुम्हीही उतरू नका.

आगोटीचं सामान

कोकणात पावसाआधी आगोट भरतात, तशी छोटी आगोट बॅगेत असू द्या. रोजची औषधं मुक्कामापेक्षा पाच दिवस जास्तीची. पॉवर बँक आणि टॉर्च. दीडशे-दोनशे डॉलर रोख, सुट्या नोटांत, कारण वीज नसली की कार्ड चालत नाही आणि एटीएमही बंद. डासांचं मलम हवंच. 2024 मध्ये तिथे डेंग्यूची आरोग्य आणीबाणी जाहीर झाली होती. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा. आईने मेतकूट आणि भाजलेले पोहे घेतले होते, लाईट गेली त्या रात्री तेच कामी आले.

पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे, त्यामुळे न्यू जर्सीहून गेलं तर इमिग्रेशनची रांग नाही. तरी भारतीय पासपोर्टवाल्यांनी पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद जवळ ठेवावेत. भारतातून थेट येणाऱ्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो. रस्त्यावर अंतरं किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत असते, गाडी चालवताना हे डोक्यात ठेवा. परतताना विमानतळावर सामान आधी शेतीखात्याच्या तपासणीतून जातं. आंब्यासारखी काही फळं नेता येत नाहीत, सरळ काढून घेतात. मंडईतली फळं तिथेच खाऊन या.

2024 मध्ये अनंत चतुर्दशीनंतर मी पुन्हा त्याच घरी उतरले. त्या आठवड्यात बेटाच्या आसपास काही आलं नाही. डोन्यांनी दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "मामा?" आई दापोलीला होती. मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या हातात दिला. तिकडे रात्र झाली होती, आईने मागच्या पडवीतला दिवा लावला. डोन्यांनी फोन अंगणात नेला आणि आईला नवी टाकी दाखवली, आधीच्या टाकीच्या दुप्पट मोठी, झाकणावर विटा ठेवलेली.